दृष्टिहीनाने शीत प्रदेशी जावे काय?

मनुष्याने आपले गाव सोडून परमुलुखी जावे की न जावे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. ज्यांच्या कुलदैवतांनीच सोळाव्या शतकात साष्टीतून निघून झुआरी ओलांडली आणि अंत्रुज महालात नवे ठाणे मांडले, तो समाज स्थलांतराला अधर्म मानील हे संभवत नाही. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, आणि भक्तांची घरेही हलली. कोणी कारवार-मंगळुराकडे गेले, कोणी बेळगाव गाठले. पुढे शिंदे, होळकर व गायकवाड यांच्या राज्यविस्ताराबरोबर ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोदे येथे मराठी घरे वसली व तेथलीच झाली. तेव्हा जाण्याविषयी आपल्या मनात मुळात संकोच नाही. मात्र जाणारी व्यक्ती दृष्टिहीन असली आणि जावयाचे ठिकाण उत्तरेकडील थंडीचे असले, म्हणजे याच समाजाची मती एकाएकी कुंठित होते. या कुंठिततेच्या मुळाशी काय आहे, आणि त्यात खरे किती व केवळ सवयीचे किती, याचा विचार करावा असा आमचा येथे हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन उदाहरणे डोळ्यांपुढे ठेवू. समजा, देवळाच्या भजनात तीस वर्षे पेटीची साथ करणारे एक अंध गृहस्थ आहेत. धाकटा भाऊ वारला, घरात पाहणारे कोणी उरले नाही, पुतण्या कॅनडातील एडमंटन शहरी नोकरी करतो आणि म्हणतो, "काका, आता तुम्ही आमच्याकडे चला. इथे एकट्याने कसे राहणार?" दुसरीकडे समजा, वीस वर्षांची एक मुलगी आहे. तिची दृष्टी वर्षावर्षाने क्षीण होत चालली आहे. ती म्हणते, "मी डेहराडूनला जाऊन शिकते." आणि आई म्हणते, "बाय, तिथली थंडी तुला सोसायची नाही. अनोळखी गावात तू एकटी काय करशील?" एका ठिकाणी आप्त नेऊ पाहतात, दुसऱ्या ठिकाणी आप्त अडवू पाहतात. दोन्ही ठिकाणी प्रेम खरे आहे, आणि दोन्ही ठिकाणी निर्णय मात्र दुसऱ्याच कोणाच्या हाती आहे. वाचकांनी हे साम्य ध्यानात ठेवावे.

प्रथम, अडविणाऱ्यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण ते थोडे नाही. डोळस माणसाला गाव म्हणजे डोळ्यांपुढचा देखावा. तो नवीन गावी जाऊन चार दिवसांत नवा देखावा पाहून घेतो. अंधाला गाव म्हणजे वर्षानुवर्षे पायांनी, कानांनी आणि नाकाने जमविलेले ज्ञान होय. घरापासून देवळापर्यंत किती पावले, कोठे चिऱ्याची पायरी झिजून खोलगट झाली आहे, कोठे माडाच्या बागेतून वारा अंगावर येतो, कोठे गिरणीचा पिठूळ वास लागला की उजवीकडे वळावयाचे, तळीच्या काठी पावलांचा आवाज कसा पोकळ होतो, चौघडा वाजू लागला की तो कोणत्या अंगाने ऐकू येतो, हे सारे त्याने एकेक कण करून मिळविलेले असते. कोंकणात व गोव्यात तर पाऊसही त्याचा सहायक असतो. जॉन हल या नावाचे एक प्राध्यापक (१९३५–२०१५) प्रौढपणी संपूर्ण अंध झाले. पाऊस पडू लागला म्हणजे भोवतालच्या प्रत्येक वस्तूला ध्वनीचा आकार येतो आणि एरवी शून्य वाटणारी जागा भरून येते, असा अनुभव त्यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदविला आहे. आमच्याकडील अंध माणसाला हे सांगण्यासाठी ग्रंथ नको. कौलांवर पडणारा पाऊस, पत्र्यावर पडणारा पाऊस, केळीच्या पानावर आणि वृंदावनाच्या कट्ट्यावर पडणारा पाऊस हे त्याला निरनिराळे ऐकू येतात, आणि सारे अंगण त्याच्यापुढे उभे राहते. गाव सोडणे म्हणजे ही सगळी मिळकत मागे टाकणे होय. ती गाठोड्यात बांधून नेता येत नाही.

आता शीत प्रदेशात काय होते तेही पाहू. थंडी म्हटली की आपण ऊबदार कपड्यांचा विचार करतो. पण अंधाच्या बाबतीत कपडे हाच अर्धा प्रश्न असतो. हातमोजे घातले म्हणजे बोटांचे डोळे झाकले जातात, आणि न घातले तर बोटे बधिर होऊन तोच परिणाम होतो. थंडीने गारठलेल्या बोटाला ब्रेलचे उठावाचे ठिपके नीट लागत नाहीत. कानटोपी कानांवर ओढली की आवाज कोणत्या दिशेने आला हे कळेनासे होते. हे झाले डेहराडूनसारख्या ठिकाणचे, जेथे पौष-माघात रात्रीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो पण शहरात सहसा बर्फ साचत नाही. एडमंटनसारख्या शहरी हिवाळ्यात पारा उणे तीस अंशांपर्यंतही जातो, आणि तेथे खरी अडचण थंडीपेक्षा बर्फाची असते. ताजा भुसभुशीत बर्फ ध्वनी शोषून घेतो. भिंतीवरून परत येणारा पावलांचा व काठीचा नाद, ज्यावरून अंध माणूस मोकळी जागा आणि अडथळा ओळखतो, तो नाहीसा होतो. फूटपाथची कड, गवताची किनार, पायऱ्यांचा आरंभ, सारे एका पातळीचे होऊन जाते. पांढऱ्या काठीचे टोक बर्फात रुतते. यंत्रांनी रस्ता साफ केला की कोपऱ्याकोपऱ्यावर बर्फाचे ढीग साचतात, आणि काल जेथे वाट होती तेथे आज भिंत असते. बर्फ हे अंधांचे धुके आहे, अशी उपमा त्या देशांतील अंधजनांत रूढ आहे, आणि ती यथार्थ आहे. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली शोधून काढलेल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात प्रथम बसविलेल्या उंचवट्यांच्या फरश्या आज जगभर अंधांना वाट दाखवितात. पण वीतभर बर्फाखाली त्यांचाही उपयोग राहत नाही.

येथे एक भेद करणे अवश्य आहे, कारण आपण 'अंध' या एका शब्दाखाली पुष्कळ निरनिराळ्या अवस्था कोंबतो. एडमंटनला डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. गोव्यात वर्षातला लहानात लहान दिवसही अकरा तासांहून मोठा असतो. ज्याला प्रकाशाची जाणीवच नाही, त्याला चालण्याफिरण्याच्या दृष्टीने या अंधाराची बाधा नाही. उलट ज्याची दृष्टी अंशतः शिल्लक आहे त्याची कुचंबणा होते. दृष्टिपटलाच्या ज्या आनुवंशिक रोगात प्रथम रात्रीचे दिसणे जाते, त्या रोगाच्या माणसाला तेथे दुपारी चार-साडेचारनंतर जग बंद होते. ज्याच्या बुबुळावर अपारदर्शकता आहे किंवा ज्याच्या डोळ्यांत जन्मतः रंगद्रव्य कमी आहे, त्याला अंधारापेक्षा उन्हाचा त्रास अधिक, कारण ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतो. म्हणजे उत्तरेकडची थंडी 'अंधाला' कशी काय मानवेल, हा प्रश्नच चुकीचा विचारलेला आहे. कोणाला, कोणत्या अवस्थेत, कोणत्या गावी आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत, असे विचारले तरच त्याला उत्तर आहे. आणि हे सर्व त्या माणसावाचून दुसऱ्या कोणाला नेमके ठाऊक असणार? 'तुला सोसायचे नाही' असे सांगणाऱ्या आईला मुलीच्या दृष्टीची मर्यादा मुलीहून कमीच ठाऊक असते.

अडविणाऱ्यांचा युक्तिवाद आपण पुरतेपणी मांडला. आता त्यातली उणीव पाहू. गावाचे ज्ञान गावात असते की माणसात? पायरी गावात असते हे खरे. पण ती पायरी ओळखण्याची रीत त्या माणसात असते. ही मिळकत जन्मतः कोणास मिळालेली नव्हती. ती एकदा शिकून मिळविली, तर ती पुन्हा शिकण्याचे सामर्थ्यही त्याच माणसापाशी असले पाहिजे. हे सामर्थ्य वयाने, आजाराने व भीतीने उणे होते यात शंका नाही. पण ते नाहीच असे धरून चालणे हा अन्याय आहे. लांब पांढऱ्या काठीने चालण्याची आजची पद्धत दुसऱ्या महायुद्धात आंधळे झालेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी बसविली. काठी पुढे डावी-उजवी फिरवीत, पाऊल पडण्यापूर्वी जमीन तपासून घेण्याची ही रीत आहे, आणि तिचे मर्म असे की ती कोणत्याही एका गावाला बांधलेली नाही. विद्या याहून वेगळी काय असते?

आपल्या देशात या विद्येचा इतिहासच मुळी उत्तरेकडील स्थलांतराशी निगडित आहे. हिंदुस्थानातील अंधांची पहिली शाळा ॲनी शार्प यांनी १८८७ साली अमृतसरला काढली, आणि १९०३ साली ती डेहराडूनजवळ राजपूर येथे, हिमालयाच्या पायथ्याशी नेण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ साली डेहराडूनलाच एक वसतिगृह निघाले. त्यातून १९५० साली प्रौढ अंधांचे शिक्षण केंद्र, १९५१ साली मध्यवर्ती ब्रेल छापखाना, १९५९ साली अंध मुलांची शाळा आणि १९६३ साली ब्रेल ग्रंथालय अशी संस्था वाढत गेली. तीच आजची दृष्टिहीनांची राष्ट्रीय संस्था. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी १९५१ साली मान्य झाली, त्यामुळे मराठी ब्रेल शिकलेल्या बोटाला हिंदी ब्रेलची अक्षरे परकी वाटत नाहीत. दक्षिणेतून, कोंकणातून, वऱ्हाडातून जी मुले-मुली त्या थंड गावी जाऊन राहिली, त्यांनी प्रथम हिवाळा कसा काढावा हे शिकले आणि मग बाकीचे. असे पुष्कळांनी केले आहे. तेव्हा ते करता येते एवढे तरी सिद्ध आहे.

उलट दिशेचे एक उदाहरण तर आपल्या दारातलेच आहे. वेद मेहता (१९३४–२०२१) हे पुढे इंग्रजीतील नामांकित लेखक झाले. चार वर्षांचे होण्यापूर्वीच मेंदूज्वराने त्यांची दृष्टी गेली, आणि जेमतेम पाच वर्षांच्या या मुलाला पित्याने लाहोरहून सुमारे तेराशे मैल दूर, मुंबईला दादरच्या अंधशाळेत धाडले. पंजाबी बोलणारे मूल मराठी मुलांत राहिले, तेथे ते वारंवार आजारीही पडले. पंधराव्या वर्षी, १९४९ साली, तोच मुलगा एकटा अमेरिकेत आर्कान्सा राज्यातील अंधशाळेत गेला. पहिले जाणे पित्याच्या निर्णयाचे होते, आणि त्याची किंमत बालकाने भोगली. दुसरे जाणे त्याच्या स्वतःच्या हट्टाचे होते. पुढचे सारे आयुष्य त्या दुसऱ्या जाण्यातून उभे राहिले. या एका चरित्रावरून सर्वसाधारण नियम काढू नये हे आम्ही जाणतो. तथापि धाडले जाणे आणि जाणे या दोन क्रिया किती भिन्न आहेत, हे त्यात स्पष्ट दिसते.

हाच भेद आपल्या प्राचीन ग्रंथांत अधिक खोलवर सांगितलेला आहे. महाभारताच्या आदिपर्वात दीर्घतमा ऋषीची कथा येते. तो जन्मांध. त्याचा भार वाटू लागला म्हणून त्याच्याच पुत्रांनी त्याला तराफ्याला बांधून गंगेत सोडून दिले. प्रवाहाने तो दूरदेशी गेला, बळी राजाने त्याला वर काढले, त्याचा सन्मान झाला. कथेचा शेवट गोड झाला म्हणून पुत्रांचे कृत्य योग्य ठरले, असे कोणी म्हणणार नाही. ज्यांना घरातील अंध वृद्धाची अडचण होते, जागा विकावयाची असते, आणि जे त्याला 'बरे होईल' म्हणून दूरच्या आप्ताकडे रवाना करतात, त्यांचा तराफा आजकाल विमानाचा असतो एवढाच फरक.

आणि त्याच महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात धृतराष्ट्राची कथा आहे. युद्धानंतर पंधरा वर्षे तो युधिष्ठिराच्या आश्रयाला राहिला. अन्न, वस्त्र, सेवक, मान, काही उणे नव्हते. भीमाची वाक्ये तेवढी जिव्हारी लागत. शेवटी त्याने वनात जाण्याची इच्छा प्रकट केली. युधिष्ठिर व्याकुळ झाला. 'आपण गेलात तर मला राज्य नको' येथवर तो बोलला. त्याचे प्रेम खोटे नव्हते. पण वृद्ध, अंध, उपवासाने क्षीण झालेल्या त्या राजाला परवानगी मागावी लागली, आणि ती मिळेना, हे त्या प्रसंगातले खरे दुःख आहे. अखेर व्यासांनी येऊन युधिष्ठिराला सांगितले की याला जाऊ दे. मग ते उत्तरेच्या वाटेने निघाले. पुढे कुंती, कुंतीच्या खांद्यावर डोळे बांधलेल्या गांधारीचा हात, आणि गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा हात. कुंतीला कोणी धाडले नव्हते. पुत्रांनी विनविले तरी ती थांबली नाही.

धृतराष्ट्र आदर्श पुरुष होता असे आम्ही सुचवीत नाही; त्याच्या मोहाने कुळ बुडाले हे सर्वश्रुत आहे. त्याच्या वनवासाचा शेवटही सुखाचा झाला नाही. गंगाद्वाराजवळच्या अरण्यात वणवा लागला आणि तिघांची आयुष्ये त्यात संपली. नेमके याच कारणासाठी ही कथा आपल्या प्रश्नाला लागू पडते. जाण्याचा परिणाम वाईट झाला म्हणून जाण्याचा अधिकार नव्हता असे ठरत नाही, जसे दीर्घतम्याचा परिणाम चांगला झाला म्हणून धाडण्याचा अधिकार होता असे ठरत नाही. डोळस मनुष्य व्यापारासाठी परगावी जातो, बुडतो, परत येतो. 'त्याला जाऊच द्यावयास नको होते' असे आपण म्हणत नाही. अंध मनुष्य गेला आणि घसरून पडला, तर मात्र प्रथम हेच म्हणतो. चूक करण्याची मोकळीक ज्याला नाही, त्याला आपण प्रौढ मानलेलेच नाही.

आज हे तत्त्व केवळ नीतीचे राहिलेले नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. भारताने तो २००७ साली मान्य केला, कॅनडाने २०१० साली. त्याच्या एकोणिसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की कोठे राहावे आणि कोणाबरोबर राहावे हे निवडण्याची संधी अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने असली पाहिजे. कलम एका बाजूला आणि व्यवहार दुसऱ्या बाजूला, हेही खरे. कॅनडात स्थायिक होऊ पाहणाऱ्याच्या प्रकृतीमुळे सरकारी सेवांवर फार खर्च पडेल असे वाटल्यास त्याला नाकारण्याचा नियम दीर्घकाळ कडक होता. २०१८ साली तो पुष्कळ शिथिल करण्यात आला. मनुष्य दाराशी उभा असता त्याच्या डोळ्यांची किंमत मांडणारा हा हिशेब वाचून आपल्याला राग येतो. पण घरातल्या ओटीवर बसून 'तिला तिकडे पाठवून खर्चाच्या मानाने काय साधणार?' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा हिशेब तोच असतो.

येथे एक गंभीर आक्षेप येईल. अधिकार जाणाऱ्याचा खरा, पण भार कोणाचा? एडमंटनच्या घरी पुतण्या आणि सून दोघेही कामाला जातात. काका गेले तर पाच महिने चार भिंतींत राहणार. त्यांना बाहेर नेणार कोण? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, आणि थंडीपेक्षा तो अधिक महत्त्वाचा वाटतो. उणे तीस अंशांच्या थंडीवर चांगला कोट मिळतो. परंतु गावी जो मनुष्य रोज आपल्या पायांनी देवळात जात होता, पेटीवर बसत होता, चार लोकांत 'या, बसा' होत होता, तो परदेशी ऊबदार खोलीत, मऊ खुर्चीवर, दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहात बसला, तर त्याचे सर्वस्वच गेले असे समजावे. अन्नवस्त्र दिले म्हणजे धर्म पाळला, ही समजूत हस्तिनापुरातही पुरी पडली नव्हती.

म्हणून आमच्या मते नेणाऱ्यांनी आणि अडविणाऱ्यांनी, दोघांनीही, तीन गोष्टींची खात्री करून घ्यावी. पहिली, त्या व्यक्तीला सत्य सांगितले आहे काय? हिवाळा केवढा असतो, दिवस किती लहान असतो, बर्फात काठी कशी चालते, घरी दिवसभर कोण असेल, हे गोड न करता आणि भय न घालता सांगितले पाहिजे. शक्य तर तेथे राहणाऱ्या एखाद्या दृष्टिहीन माणसाशीच त्याचे बोलणे करून द्यावे; डोळसाने केलेले वर्णन येथे अपुरे पडते. दुसरी, परत येण्याची वाट उघडी आहे काय? गावचे घर विकून, पेटी कोणाला देऊन टाकून नेलेला माणूस गेला असे म्हणता येत नाही. तो तोडला गेला. एक हिवाळा काढून पाहावा आणि न मानवल्यास कोणी मान खाली घालावी न लागता परत यावे, इतकी मोकळीक असली पाहिजे. तिसरी, नव्या घराच्या उंबरठ्याबाहेर एकट्याने जाण्याची एक तरी वाट त्याला शिकविली जाणार आहे काय? ती पन्नास पावलांची असली तरी चालेल. पण ती त्याची स्वतःची असावी. कॅनडात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी हॅलिफॅक्स बंदरात दोन जहाजांची टक्कर होऊन प्रचंड स्फोट झाला. आग पाहण्यासाठी खिडक्यांशी उभ्या असलेल्या शेकडो लोकांच्या डोळ्यांत काचा घुसल्या, आणि दुसऱ्याच दिवशी शहरावर हिमवादळ आले. या आपत्तीतले आणि पहिल्या महायुद्धातले अंध यांच्यासाठी १९१८ साली तेथे अंधांची राष्ट्रीय संस्था निघाली. संस्थापकांत युद्धात दृष्टी गमावलेले एडविन बेकर होते. बर्फात चालावे कसे हे त्या देशाने अंधांकडूनच शिकून घेतले आहे.

जो प्रदेश माणसांना बोलावतो, त्यानेही काही देणे लागते. कॅल्गरीसारख्या शहरात हिमवर्षाव थांबल्यापासून चोवीस तासांच्या आत घरापुढील पायवाट साफ करणे हे त्या घरात राहणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांनी त्यांस लिहावे की सकाळी फावडे घेऊन दारापुढचा बर्फ काढणे हे केवळ दंड टाळण्याचे काम समजू नका. त्या वाटेने कोण काठी टेकीत जाणार आहे हे आपल्याला ठाऊक नसते. आणि ठाऊक नसलेल्यासाठी केलेले काम यालाच आपण निष्काम म्हणतो.

आणि परक्यांना सांगण्यापूर्वी स्वतःकडे पाहावे. 'इथला दगडन्‌दगड त्याच्या ओळखीचा आहे' असे म्हणून आपण अंध माणसाला थांबवितो. पण तो दगड आज तेथे आहे काय? चिऱ्याच्या पायऱ्या उखडून गुळगुळीत लाद्या बसविल्या, त्या पावसात निसरड्या होतात. देवळापुढच्या मोकळ्या जागेत मोटारी व मोटारसायकली कशाही उभ्या असतात. रस्ता रुंद झाला, माड गेले, गटारावरचे झाकण नाहीसे झाले. उत्सवात कर्ण्यांचा आवाज इतका वाढविला जातो की घंटा कोठे, चौघडा कोठे, हे डोळसालाही कळू नये. तळीच्या पायऱ्यांना कठडा नाही. अशा रीतीने त्या माणसाचे गाव त्याच्या पायांखालून काढून घेतले गेले आहे. जागच्या जागी त्याचे स्थलांतर झाले, आणि त्याला कोणी विचारलेही नाही. त्याला थांबवून ठेवण्याचा ज्यांना आग्रह आहे, त्यांनी प्रथम थांबण्याजोगे गाव राखावे. देवस्थानच्या समित्यांनी वाट मोकळी ठेवली, तळीला कठडा घातला, पायरीच्या कडेला खडबडीत पट्टी बसविली, तर त्याला फार द्रव्य लागत नाही, आणि त्याचा लाभ वृद्धांना व मुलांनाही होतो.

विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरी ते हिंडले, दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेतले आणि विपुल ग्रंथरचना केली. त्यांना लोक प्रज्ञाचक्षू म्हणतात. हा शब्द आपण अंधाला गौरवाने लावतो. पण गौरवाचा अर्थ असा की ज्याची प्रज्ञा हा त्याचा डोळा आहे, त्याच्या प्रज्ञेने घेतलेला निर्णय आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीइतका खरा मानावा. तसे न मानता हा शब्द वापरणे ही नुसती उपचाराची भाषा झाली.

तेव्हा दृष्टिहीनाने शीत प्रदेशी जावे काय, या प्रश्नाला आमचे उत्तर 'जावे' असे नाही आणि 'जाऊ नये' असेही नाही. डेहराडूनला निघालेल्या मुलीला तिच्या आईने लोकरीचे कपडे द्यावेत, बोटे उघडी राहतील असे हातमोजे द्यावेत, पहिल्या हिवाळ्यात दर आठवड्याला बोलावे, आणि जाऊ द्यावे. काकांना पुतण्याने सगळे खरे सांगावे आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहावी. ते 'येतो' म्हणाले तर पेटीसुद्धा बरोबर न्यावी आणि दारापासूनची पहिली पन्नास पावले स्वतः त्यांना शिकवावी. 'येत नाही' म्हणाले तर गावी त्यांच्या जेवणाखाण्याची, औषधपाण्याची व्यवस्था करणे हे पुतण्याचे आणि आपणा सर्वांचे कर्तव्य उरतेच. नकार दिला म्हणून कोणी त्यातून सुटत नाही. गांधारीचा हात कुंतीच्या खांद्यावर होता, पण जावयाचे ठरविले होते तिने स्वतः. खांदा देणे आपल्याकडे आहे. दिशा ठरविणे ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावे.